डाव्या हाताचा ठेका

सेंट लुईसला भाचीकडे गेलो, तेव्हा तिची यादी तयार होती: गेटवे आर्च, मिसिसिपीचा काठ, प्राणिसंग्रहालय. माझ्या यादीत एकच पत्ता होता, २६५८ डेलमार बुलेवार्ड. "मामा, तिकडे कुणी फिरायला जात नाही हं," असं म्हणत तिने गाडी काढली.

विटांचं जुनं दुमजली घर. वरच्या मजल्यावर विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला स्कॉट जॉप्लिन हा काळा अमेरिकन संगीतकार आणि त्याची बायको बेल भाड्याने राहत. नाव ऐकलं नसेल, पण त्याच्या 'द एंटरटेनर'ची चाल ऐकली असेल. अमेरिकेत आइस्क्रीमच्या गाड्या तीच वाजवत गल्लोगल्ली हिंडतात. ती छापली गेली १९०२ मध्ये, तो याच घरात राहत असताना.

आत गॅसच्या दिव्यांचा मंद उजेड, त्या काळातलं लाकडी सामान. खोल्या एवढ्याशा, की पियानोसमोर चार माणसं बसली तर पाचव्याने दारात उभं राहावं. खालच्या पिआनोलावर गाइडबाईंनी भोकं पाडलेल्या कागदाची गुंडाळी चढवली आणि पायटे मारायला सुरुवात केली. मी हसलो. अहो, ही तर पायपेटी! संगीत नाटकांतला ऑर्गन असाच पायांनी चालायचा. फरक एवढाच, की इथे पट्ट्या आपोआप खाली जात होत्या, बोटांशिवाय. बघताना जरा अंगावर काटाच येतो.

जॉप्लिनच्या या संगीताचं नाव रॅगटाइम. त्याचा आपल्या रागाशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकतो. रॅग म्हणजे विसकटलेला, फाटका. डावा हात ठेका धरून बसलेल्या तबलजीसारखा, जागचा हलत नाही. उजवा मात्र मात्रेच्या किंचित आधी, किंचित नंतर पडत खोड्या काढतो. सगळी गंमत त्या दोन हातांच्या भांडणात. म्हणून जॉप्लिन आपल्या स्वरलिपींवर बजावून छापायचा, की रॅगटाइम जलद वाजवणं कधीच बरोबर नाही. आइस्क्रीमवाल्यांना हे कोण सांगणार?

जॉप्लिनचा बाप गुलामीत जन्मलेला, आई लोकांच्या घरी साफसफाई करणारी. टेक्सारकानात यूलियस वाइस नावाच्या जर्मन मास्तरांनी पोराचा कान ओळखून त्याला फुकट शिकवलं. पुढे मिझूरीतल्या सेडेलिया गावी १८९९ मध्ये जॉन स्टार्क या प्रकाशकाने 'मेपल लीफ रॅग' छापला. करार प्रत्येक प्रतीमागे एक सेंट मानधनाचा. एक सेंट ऐकून भाचीने तोंड वाकडं केलं. पण काळ्या संगीतकाराला प्रतीमागे काही मिळणं हेच तेव्हा नवलाचं होतं. बहुतेकांच्या हातावर एकरकमी चार पैसे टेकवले की विषय संपायचा.

त्याला मात्र क्लबातला पियानोवाला म्हणून राहायचं नव्हतं, ऑपेरा लिहायचा होता. १९०१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने बुकर टी. वॉशिंग्टन या काळ्या शिक्षणतज्ज्ञाला व्हाइट हाउसमध्ये जेवायला बोलावलं आणि गोऱ्यांच्या दक्षिणेत गहजब झाला. त्यावर जॉप्लिनने 'अ गेस्ट ऑफ ऑनर' रचला. १९०३ मध्ये दौराही निघाला. त्या स्वरलिपीची एकही प्रत आज सापडत नाही. दुसरा ऑपेरा, 'ट्रीमोनिशा', त्याने १९११ मध्ये पदरचे पैसे घालून छापला. तो रंगमंचावर नीट उभा राहिला १९७२ मध्ये. जॉप्लिन १९१७ मध्येच न्यूयॉर्कच्या इस्पितळात वारला होता. थडग्यावर नावाची पाटी लागायला १९७४ उजाडलं, आणि १९७६ मध्ये पुलित्झरचा खास सन्मान. कुणी घ्यायचा तो?

निघताना मी त्याच्या रॅग्जचं एक पुस्तक घेतलं. पुण्याला आल्यावर हौसेने पेटी काढली. दोन ओळी वाजवल्या आणि घोड्याने पेंड खाल्ली. डावा हात भात्यावर, मग ठेका कोण धरणार? शेवटी बायकोला पलीकडे बसवून भाता तिच्याकडे दिला. ती म्हणाली, "जरा भरभर वाजवा ना, हात दुखतोय."