फळमाशीचे चौदा पट्टे आणि एक फसलेले मॉडेल

पुण्यात गणित शिकताना प्राणिशास्त्र विभागाची पायरी कधी चढावी लागली नव्हती. इथे सिएटलच्या विद्यापीठात मात्र गणिती आणि माशा पाळणारे संशोधक दर आठवड्याला एकाच टेबलाभोवती बसतात. रंगवलेला फळमाशीचा गर्भ मी प्रथम इथेच सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीच्या त्या गर्भावर एन्ग्रेल्ड हे जनुक चालू असलेल्या पेशींचे 14 पट्टे एकाआड एक उमटले होते आणि प्रत्येक पट्टा एकदोन पेशींपेक्षा रुंद नव्हता.

शरीराचे खंड ठरवणारी ही जनुके हुडकून काढली ती जर्मनीत, हायडेलबर्ग येथे, क्रिस्टियान न्यूसलाइन-फोल्हार्ट आणि एरिक विशाऊस यांनी. त्यांचा निबंध 1980 मध्ये आला आणि 1995 मध्ये त्यांना एडवर्ड लुईस यांच्यासह नोबेल मिळाले. आईकडून आलेल्या आरएनएपासून बनणारे बायकॉइड प्रथिन अंड्याच्या पुढच्या टोकाशी दाट व मागे विरळ असते. त्यावरून आधी रुंद पट्टे, मग सात आणि शेवटी चौदा पट्टे आखले जातात.

मला खरे कुतूहल आहे ते यापुढच्या टप्प्याचे. आखणी करणारी बहुतेक प्रथिने लवकरच नाहीशी होतात, तरी पट्टे जागचे हलत नाहीत. याचे कारण असे, की एन्ग्रेल्ड चालू असलेली पेशी हेजहॉग हे प्रथिन सोडून शेजारणीतले विंगलेस जनुक चालू ठेवते आणि ती शेजारीण विंगलेस प्रथिन पाठवून पहिलीतले एन्ग्रेल्ड टिकवते.

याच विद्यापीठातील गॅरेट ओडेल, जॉर्ज फॉन डॅसो आणि सहकाऱ्यांनी या जनुकांमधले तोवर ठाऊक असलेले सर्व दुवे समीकरणांत मांडले, तेव्हा पट्टे टिकेनातच. त्यांनी आणखी दोन दुवे गृहीत धरले, त्यांपैकी एक म्हणजे विंगलेसने स्वतःलाच चालना देणे, आणि मग प्राचलांच्या, म्हणजे समीकरणांत भरायच्या आकड्यांच्या, यादृच्छिक निवडींपैकी सुमारे दोनशेंत एक निवड यशस्वी ठरू लागली. प्राचले पन्नासच्या आसपास असताना हे प्रमाण थक्क करणारे आहे. जनुकांच्या या जाळ्याची रचना योग्य असली की नेमक्या आकड्यांवर फारसे अडत नाही, हे त्यातून दिसले. सन 2000 च्या त्या निबंधातील यशापेक्षा मला आधीचे अपयश अधिक मोलाचे वाटते, कारण नेमके काय शोधायचे राहिले आहे हे त्यानेच दाखवले.

सध्या मी हेच जाळे पिठातल्या तांबड्या भुंग्याला लावून पाहत आहे. त्याचे बहुतेक खंड मागच्या टोकाकडून एकामागून एक वाढतात, म्हणजे प्रत्येक पट्ट्याची सुरुवात वेगळ्या वेळी होते, आणि अशा सरकत्या सुरुवातीतही ही शेजारधर्माची जोडी टिकते का, हे समीकरणांना विचारायचे आहे.