तुम्ही विचारलंत म्हणून: "भाऊ, पोरांच्या क्राफ्टला स्वस्तात काय होईल?"

चोपड्यात माझं स्टेशनरीचं दुकान आहे, त्यामुळे शाळा सुरू झाली की हा प्रश्न कोणी ना कोणी विचारतंच, आणि बहुतेक वेळा रात्री, शटर अर्धं खाली आल्यावर. "भाऊ, पोराले सकाळी शाळेत काहीतरी बनवून न्यायचं आहे, दुसरीत आहे, शंभरच्या आत काय होईल ते द्या." व्हॉट्सअॅपवरही तेच. गिऱ्हाईक उभं असताना एवढं सगळं सांगता येत नाही, म्हणून इथं निवांत लिहितो.

पहिलं म्हणजे ती बॉक्समधली किट घेऊ नका. मी विकतो, मार्जिन पण चांगलं आहे, तरी सांगतो. त्यात सगळं आधीच कापून आलेलं असतं, पोरानं फक्त मागचा कागद काढून चिकटवायचं, म्हणजे जे शिकायचं ते कारखान्यातच होऊन गेलं. आणि बनलं की ते जातं शोकेसमध्ये, वर आई म्हणणार हात लावू नको तुटेल. माझं मत विचाराल तर पहिली ते चौथीच्या पोरानं जे बनवलं ते नंतर फिरलं पाहिजे, हललं पाहिजे, नाहीतर निदान रंग तरी बदलला पाहिजे. मग ते पोर स्वतःहून दुसरं बनवतं, पहिल्यापेक्षा मोठं, आणि तुम्हाला बसवायला लागत नाही.

सगळ्यात सोपी भिंगरी. सगळ्यांना येते आणि तरी निम्म्या फिरत नाहीत. पंधरा सेंटीमीटरचा चौकोन घ्या, जुन्या कॅलेंडरचं पान बेस्ट, घोटीव कागद फार पातळ पडतो, वाऱ्यात दुमडतो. चारही कोपऱ्यांतून मध्याकडे कात्री लावायची पण मध्याच्या दोन सेंटीमीटर अलीकडे थांबायचं, पोरं इथेच जोशात पुढे जातात. मग एकाआड एक टोक मध्ये आणून टाचणी. न फिरण्याचं कारण म्हणजे कागद काडीला घासतो, त्यामुळे कागद आणि काडी यांच्यात एक मणी टाका, तुटलेल्या माळेतला कुठलाही चालतो. आणि काडी विकत कशाला घ्यायची, आपल्याकडे दादरचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, धांडा आहे ना, आतला गर मऊ असतो त्यात टाचणी सरळ जाते. फक्त धांड्याचं सालटं मोठ्या माणसानं काढून द्यायचं, ते ब्लेडसारखं कापतं. सालटं काढलेला गर आणि त्याच सालट्याच्या बारीक काड्या खिळ्यासारख्या टोचून आपले आजोबा अख्खी बैलगाडी बनवायचे, डिंक नाही की दोरा नाही, घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना एक धांडा हातात देऊन बघा.

आता माझं सगळ्यात आवडतं, आणि यात माझ्या दुकानातून जवळजवळ काहीच लागत नाही. सायकलच्या दुकानात व्हॉल्व ट्यूब मिळते, ती बारीक रबरी नळी. मीटरभर आणा. तिचे साधारण सेंटीमीटर-दीड सेंटीमीटरचे तुकडे करा, काडेपेटीच्या लाकडी काड्या घ्या (मेणाच्या नको, वाकतात), गूल तुम्ही स्वतः खरवडून काढा आणि मगच पोरांच्या हातात द्या. नळीच्या दोन्ही तोंडांत एकेक काडी घातली की झाला सांधा. तीन काड्या जोडल्या की त्रिकोण, चार जोडल्या की चौकोन. आता पोराला सांगा दोन्ही दाबून बघ. चौकोन लगेच कलंडतो, त्रिकोण जागचा हलत नाही. मग त्याला बाहेर नेऊन मोबाइलचा टॉवर दाखवा, जिनिंगच्या शेडची लोखंडी कैची, म्हणजे छताखालचा सांगाडा, दाखवा, सगळीकडे तिरप्या पट्ट्या का मारल्यात ते न सांगता कळतं. नळीला मधोमध बाभळीच्या काट्यानं आरपार भोक पाडून तिसरी काडी घुसवली की तीन काड्यांचा सांधा होतो, असे चार सांधे आणि सहा काड्या घेतल्या की पिरॅमिडसारखा आकार उभा राहतो. ही आयडिया माझी नाही हां, अरविंद गुप्ता यांची आहे, आयआयटी कानपूरला शिकलेला माणूस, कचऱ्यातून खेळणी करत आयुष्य घालवलं, पुण्याला आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत मुलांच्या विज्ञान केंद्रात बरीच वर्षं होते, 2018 ला पद्मश्री मिळाली. बाभळीचा काटा पण त्यांचाच, आणि आपल्याकडे त्याची काही कमी नाही.

हळदीचं तर पोरांना जादूच वाटते. हळद पाण्यात कालवून साध्या पांढऱ्या कागदावर फासा, आपल्या उन्हात दहा मिनिटांत वाळतो. मग कपड्याचा साबण पाण्यात विरघळवून काडीला कापूस गुंडाळून त्यानं लिहा, अक्षरं लाल उमटतात. वर लिंबू फिरवलं की परत पिवळी. हळदीत चुना घातला की लाल होतं, कुंकू पण असंच करायचे, आज्जीला विचारा. राखीपौर्णिमेला, दिवाळीला असं कार्ड दिलं तर समोरच्याला साबणाचं पाणी सोबत द्यावं लागतं एवढंच.

ठसे करायचे असतील तर बटाटा कोरत बसू नका, चाकू आला की पोर बाजूला बसतं आणि आईच कोरते. भेंडी आडवी कापली की फूल तयार. आणि केळीच्या पानाचा जाड देठ आडवा कापून बघा, आत कप्पे कप्पे असतात, त्याचा ठसा इतका सुंदर येतो की विकतचे ठसे फिके पडावेत. शेतात रोज कापून फेकतो आपण. फक्त जुने कपडे घाला, केळीचा चीक लागला की डाग जन्मात जात नाही हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. रंगाला गेरू किंवा हळद, त्यात थोडी मैद्याची खळ, ती कशी करायची ते खाली सांगतो. होळीच्या आधी सातपुड्याच्या कडेला पळस फुललेला असतो, त्याची फुलं रात्रभर भिजवून उकळली की केशरी रंग निघतो, फुकट.

खळीवरून आठवलं. डिंकाच्या बाटल्या घेऊच नका, पोरं एका दिवसात संपवतात. एक वाटी मैदा, पाच वाट्या पाणी, आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडून घ्यायच्या आणि मग मंद आचेवर ढवळत राहायचं, पारदर्शक दिसायला लागलं की उतरवा. बाहेर एक-दोन दिवस टिकते, फ्रीजमध्ये आठवडाभर. जुने बाईंडर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकायचे, ते मात्र पोरांच्या खळीत अजिबात टाकायचं नाही, विष आहे ते.

पोळ्याला मातीचे बैल करायला सांगतात आणि मग लोक माझ्याकडे क्ले मागायला येतात, चोपड्यात, जिथं चप्पल काढली तरी काळी माती पडते! अडचण एकच, आपली कापसाची काळी माती ओली असताना फुगते आणि वाळताना आकसते म्हणून बैलाचे पाय तडकतात. त्यात चाळलेली राख आणि पिंजलेला कापूस घालून चांगली मळा, आणि सावलीत वाळवा, उन्हात ठेवली की गेलीच.

थर्माकोल मागू नका, 2018 पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, तरी लोक कोपऱ्यात येऊन हळूच विचारतात. पुठ्ठा किराणा दुकानात फुकट मिळतो. शाळेत मॉडेल पाहिजे, सुबक पाहिजे, नाहीतर मार्क जातात असं बरेच पालक सांगतात, त्यावर माझ्याकडे उपाय नाही, पण पोराचं वाकडं मॉडेल आणि बापाचं सरळ मॉडेल हे शिक्षकांना लांबूनच ओळखता येतं एवढं नक्की.

माझ्याकडून घ्यायचंच असेल तर एक गोष्ट घ्या, चांगली कात्री. बोथट टोकाची पण धार असलेली, स्वस्तातली प्लास्टिकची नको, ती कागद चावते आणि पोराला वाटतं आपल्यालाच जमत नाही. पोर डावखुरं असेल तर आधी सांगा, साध्या कात्रीचं वरचं पातं डाव्या हातात नेमकं रेषेवरच येतं आणि त्याला कुठं कापतोय तेच दिसत नाही. डाव्या हाताची कात्री वेगळी येते, मी ठेवत नाही पण जळगावहून मागवून देतो, चार दिवस लागतात, म्हणून निदान ती तरी आदल्या रात्री मागायला येऊ नका.