ग्रीनहाऊस नसताना उन्हाळ्यात हायड्रेंजियाच्या फांद्या लावताना

इंग्लंडमध्ये जून-जुलै हा कोवळ्या फांद्या लावायचा हंगाम. आपल्याकडे याच दिवसांत जास्वंदीची काडी जमिनीत खोचली की बहुतेक वेळा फुटते, कारण पावसाळी हवाच तिला ओलं ठेवते. इथे रात्री नऊपर्यंत उजेड, त्यात वारा. मुळं नसलेली काडी पानांतून पाणी सोडत राहते आणि एक-दोन दिवसांत मान टाकते. ग्रीनहाऊसवाले दमट हवा कोंडून हे टाळतात. एका कुंडीपुरतं तेच काम अन्न साठवायची पारदर्शक प्लास्टिक पिशवी करते.

हायड्रेंजिया आणि फ्युशिया, सुरुवातीला ही दोनच फुलझुडपं घ्या. दोन्ही सहज मुळं धरतात.

सकाळी ऊन तापायच्या आत यंदाच्या वाढीची, कळी नसलेली फांदी कापा आणि लगेच ओलसर पिशवीत टाका. धारदार सुरीने तळचा काप पानांच्या जोडीच्या अगदी खाली घ्या, कारण मुळं तिथून लवकर निघतात. लांबी साधारण 10 सेंटिमीटर. खालची पानं काढा, शेंडा खुडा, वर एक-दोन जोड्या ठेवा. हायड्रेंजियाची पानं पसरट असतात, ती आडवी अर्धी कापायची. बघायला क्रूर वाटतं, पण पाणी उडणं कमी होतं.

कुंडी 9 सेंटिमीटरची. पीट (दलदलीतली कुजलेल्या वनस्पतींची माती) नसलेलं बी पेरायचं कंपोस्ट आणि पर्लाइट (मिश्रण भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे खडे) समप्रमाणात मिसळा. खताचा जोर असलेलं मिश्रण नको. रूटिंग पावडर (मुळं फुटायला मदत करणारी) असेल तर फक्त कापलेलं टोक बुडवून जास्तीची झटका. या दोन झाडांना ती नसली तरी चालते. पेन्सिलीने आधी भोक पाडा, नाहीतर पावडर वरच पुसली जाते. कडेकडेने चार-पाच काड्या लावून झारीने एकदा नीट पाणी द्या आणि निथळू द्या. चार काटक्या खोचून त्यावर पिशवी, खाली रबरबँड. पिशवी पानांना टेकता कामा नये.

आता जागा, आणि बहुतेकांचं चुकतं ते इथेच. उजेड हवा म्हणून कुंडी दक्षिणेच्या खिडकीत जाते आणि पिशवीतली पानं एका दुपारीत शिजतात. इथे सूर्य दक्षिणेकडून फिरतो, म्हणून उत्तरेची खिडकी किंवा उत्तर भिंतीचा आडोसा निवडा.

आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं पिशवी काढा. गळलेलं पान लगेच उचला. राखाडी बुरशी तिथूनच सुरू होते. देठ तळाशी काळा आणि मऊ पडला तर पाणी जास्त झालंय. ती काडी फेकायची, वाचवायच्या नादात शेजारच्याही जातात. पिशवीच्या आत दव दिसतंय तोवर पाणी घालायची गरज नसते.

मुळं यायला चार ते सहा आठवडे. काडी उपटून बघू नका. हलकेच ओढल्यावर अडली किंवा कुंडीच्या भोकांतून पांढरं मूळ डोकावलं की समजावं. मग पिशवी एकदम न काढता तिचा कोपरा कापा, आठवडाभराने आणखी उघडा, नंतर काड्या वेगळ्या कुंड्यांत. सप्टेंबर उजाडला असेल तर वेगळं करायची घाई नको. थंडीआधी मुळं नव्या मातीत पसरत नाहीत आणि ओल्या गार मातीत कुजतात. तीच कुंडी भिंतीच्या आडोशाला ठेवा, पाणी अगदी बेताने. कडाक्याच्या थंडीने काड्या वर उचलल्या गेल्या तर बोटाने परत दाबायच्या. हायड्रेंजियाची पानं झडतील. डोळे हिरवे आणि घट्ट असले तर झाड जिवंत आहे.

लॅव्हेंडरला मात्र यातली पिशवी वर्ज्य. लव असलेली करडी पानं कोंडलेल्या हवेत कुजतात. त्याच्या थोड्या टणक झालेल्या फांद्या ऑगस्टमध्ये घ्या, मिश्रणात निम्मी जाड रेव घाला आणि कुंडी सावलीत उघडीच ठेवा.

जाता जाता: रोपाच्या लेबलवर पैदासहक्काची (नवा वाण तयार करणाऱ्याच्या कायदेशीर हक्काची) नोंद असेल, तर स्वतःच्या बागेपुरती रोपं करायला हरकत नाही, ती विकता येत नाहीत.