चहा करतात, बनवतात ते माणसाला

परवा संध्याकाळी आमच्या घरी परत तेच झालं. आजीची सिरीयल चालू होती, ब्रेक लागला, एक तरुण आई कडेवर बाळ घेऊन आली आणि एकदम गोड आवाजात म्हणाली, "माझा बाळ रात्रभर शांत झोपला". आमची आजी, जी अर्धा तास त्या सिरीयलमधल्या सुनेचं रडणं शांतपणे बघत बसली होती, ती एकदम टीव्हीकडे बोट करून ओरडली, "माझं! माझं बाळ! झोपलं!" बाबा आतून पळत आले, त्यांना वाटलं कोणी पडलं की काय. कोणी नाही पडलं बाबा, जाहिरात लागली होती.

आजी रिटायर्ड मास्तरीण आहे, जन्म इंदूरचा, लग्न इंदूरमध्ये, सगळं आयुष्य रामबागेच्या आसपास. ती ज्या चॅनलवर सिरीयल बघते त्याला अजून "अल्फा" म्हणते. 1999 मध्ये ते अल्फा मराठी सुरू झालं तेव्हा रोज घरात बसून मराठी ऐकायला मिळणार म्हणून ती इतकी खूश झाली होती की केबलवाल्याला तिने पेढे दिले होते (हे बाबा सांगतात, मी तेव्हा जन्मलेपण नव्हते). पुढे चॅनलचं नाव बदललं, आजीने नाही बदललं. सिरीयलवर तिची काही तक्रार नाही, तक्रार आहे ती मधल्या जाहिरातींवर, आणि आता तिच्या शेजारी सोफ्यावर बसून बसून ती तक्रार पूर्ण माझी झालीये. कॉलेजमधल्या मुलीने पिक्चर, गाणी यावर भांडावं, मान्य, मी भांडतेच, पण माझं पहिलं भांडण मराठी चॅनलवरच्या जाहिरातींशी आहे.

म्हणजे बघा ना. तेलाच्या जाहिरातीतली बाई म्हणते "हे माझ्या केसांना गळण्यापासून वाचवतं". अगं बाई, केस गळायचे थांबतात म्हण ना! कोणीतरी म्हणतं "माझी मदत करा", आजी म्हणते "मला मदत करा". मग एक हसरं कुटुंब येतं आणि सकाळी सकाळी चहा बनवतं, दुपारी पोळ्या बनवतं, दिवाळीत रांगोळी बनवतं. आजीचं यावर एकच वाक्य ठरलेलं आहे, "चहा करतात, पोळ्या लाटतात, भात लावतात, रांगोळी काढतात, बनवतात ते माणसाला". हे ती इतक्या वेळा म्हणाली आहे की माझा दोन वर्षांचा भाचापण टीव्हीवर चहाचा कप दिसला की "कत्तात" म्हणतो.

आता हे असं का होतं ते माझ्या डोक्यात हळूहळू आलं. जाहिरात बनते (हो आजी, जाहिरात बनते, ते चालतं) एकदाच, मुंबईत, हिंदीत नाहीतर इंग्रजीत लिहून. शूटिंग एकदा, चेहरे तेच, मग सगळ्या भाषांचे आवाज वरून चिकटवायचे. वीस नाहीतर तीस सेकंद असतात, तितक्यातच बसवायचं, ओठ हिंदीत हललेत त्यामुळे मराठी शब्दपण तसेच हलले पाहिजेत. आणि मराठीचा खरा घात होतो तो ती हिंदीच्या अगदी शेजारी राहते म्हणून. तमिळमध्ये न्यायचं तर नव्याने लिहिण्याशिवाय काही इलाजच नाही, पण मराठीत काय, लिपी तीच, वाक्याची चाल जवळजवळ तीच, क्रियापद शेवटी, बस "का"च्या जागी "चा" टाका, "है"च्या जागी "आहे" टाका, झालं काम. हिंदीला दोन लिंगं, आपल्याला तीन, ते तिसरं वाटेत कुठेतरी सांडतं आणि बाळाचा "तो" होतो.

आता इथे माझी पुण्याची आत्तेबहीण हसणार मला माहितीये. कारण तिच्या मते इंदूरची मराठी म्हणजेच हिंदी. आम्ही "जाऊन राहिले" म्हणतो, "येऊन राहिली का?" विचारतो, मधेच "अपन" येतो, मित्राला "भिया" म्हणतो. ती सुट्टीत आली की मला बोलायला लावते आणि मैत्रिणींना ऐकवते. मग तू कोणत्या तोंडाने जाहिरातींना नावं ठेवतेस, असं तिने मला सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, भुट्ट्याचा कीस खाता खाता विचारलं होतं. तेव्हा मी तिला उत्तर दिलं होतं आणि आज नीट देते, कारण मला हे मनापासून वाटतं. आमची मराठी होळकरांच्या काळापासून इथे राहून, दुधवाल्याशी, भाजीवाल्याशी, वर्गातल्या पोरांशी रोज बोलून बोलून अशी झालीये. "मी जाऊन राहिले" हे माझ्या पणजीपासून चालत आलेलं आहे, त्यात आमचं घर आहे. आणि "केसांना गळण्यापासून वाचवतं" हे कोणाच्या पणजीने म्हटलंय? ते वाक्य कोणत्याच गावचं नाही. त्याला माहेर नाही. आमच्या बोलण्यात हिंदी आहे पण आम्हीसुद्धा बाळाला "तो" नाही म्हणत!

पिक्चरवाल्यांशीपण माझं हेच भांडण आहे. हिंदी पिक्चरमध्ये मराठी माणूस आला की तो हवालदार असतो नाहीतर कामवाली बाई, ठीक आहे, हवालदार असू दे, मान आहे त्या कामाला, पण तो तीन वाक्यांत दोनदा "आई शप्पथ" म्हणतो आणि काही पडलं की "काय झाला" विचारतो. काय झालं! एक शब्द, एक अनुस्वार, सेटवर शंभर माणसं उभी असतात, त्यातली किमान तीस मराठी असणार, लाइटवाले दादा असतील, मेकअपवाल्या ताई असतील, कोणालातरी विचारा ना.

आजोबा होते तेव्हा प्रभातचे पिक्चर हा त्यांचा लाडका विषय होता. मला लहानपणी ते बोअर वाटायचं पण त्यातली एक गोष्ट डोक्यात पक्की बसलीये. 1932 मध्ये शांतारामबापूंनी "अयोध्येचा राजा" केला, मराठीतला पहिला बोलपट, तर तो मराठीत आणि हिंदीत असा दोन्ही भाषांत शूट केला. आवाज वरून चिकटवलेला नाही, सीन परत करायचा, नटांनी परत बोलायचं. 1941 च्या "शेजारी"चं तर अजून भारी आहे, मराठीत जी भूमिका केशवराव दाते करतात तीच हिंदी "पडोसी"मध्ये मजहर खान करतात, आणि त्यांचा मुसलमान मित्र दोन्हीकडे गजानन जागीरदार. म्हणजे विचार करा, ते जड कॅमेरे, महाग फिल्म, आणि तरी ही माणसं म्हणत होती की मराठी माणसाला मराठीत रडू दे, हिंदीवाल्याला हिंदीत. आणि आज खिशातल्या फोनवर पिक्चर शूट होतो तरी आपल्याला एक "झालं" मिळत नाही.

गाण्यांचं बघा. 2016 मध्ये "सैराट" आला, अजय-अतुलने त्यातलं ऑर्केस्ट्राचं संगीत थेट लॉस एंजेलिसला जाऊन तिथल्या वादकांकडून रेकॉर्ड करून घेतलं, आणि तरी गाणी कशी, एकदम मातीतली. इंदूरमध्ये त्या वर्षापासून एक बारात मी अशी पाहिली नाही ज्यात झिंगाट वाजलं नाही. नवरा अग्रवाल, नवरी जैन, घोडीवाला मालव्यातला, बँडवाले कुठले कुठले, आणि सगळे गळा फाडून मराठी गातात, अर्धे शब्द चुकीचे, अर्थ कोणालाच माहिती नाही, माझी एक पंजाबी मैत्रीण तर शब्दांच्या जागी नुसते आवाज काढते पण ठेका एक चुकत नाही. 2018 मध्ये त्याचा हिंदी रीमेक आला, तेच गाणं, तीच चाल, तेच संगीतकार, फक्त शब्द हिंदी. आमच्या गल्लीतल्या डीजेवाल्या भियाला मी मुद्दाम विचारलं की तू हिंदीवालं का नाही लावत, तुझं सगळं पब्लिक तर हिंदी आहे. तो म्हणाला, लावलं होतं एकदा, लोग खड़े रह गए. मी त्याच्या पाया पडायची बाकी होते.

आणि उलटीकडून बघायचं तर "शुक्रतारा". अरुण दाते इंदूरचे. रामूभैया दात्यांचे चिरंजीव, शिकून टेक्स्टाइल इंजिनिअर झालेला माणूस. त्यांच्यासोबत गायल्या सुधा मल्होत्रा, जन्म दिल्लीचा, ओळख हिंदी गाण्यांची. शब्द पाडगावकरांचे, चाल खळेकाकांची. म्हणजे एक आवाज इंदूरचा, एक दिल्लीचा, आणि ते गाणं लागलं की सदाशिव पेठेतले काका डोळे मिटून घेतात. त्या गाण्यात एक शब्द तरी दुसरीकडून उचलून आणल्यासारखा वाटतो का? माझ्या आत्तेबहिणीलापण ते गाणं फार आवडतं, अरुण दाते इंदूरचे हे तिला मी सांगितलं तेव्हा तिने आधी फोनवर शोधून बघितलं, मग मला जिलेबी खाऊ घातली.

हां, आणि अनुवाद म्हणजे वाईटच असं मी म्हणत नाहीये. 1988 चं "मिले सुर मेरा तुम्हारा" माझ्या जन्माच्या किती आधीचं, पण 15 ऑगस्टला आमच्या घरी लागतंच. सुरुवात भीमसेन जोशींची, मग एकच गोष्ट एकेक भाषा आपापल्या शब्दांत सांगते, मराठीची वेळ येते तेव्हा लोकलमध्ये तनुजा दिसते आणि आजी गालातल्या गालात हसते. ती मराठी ओळ हिंदीचीच गोष्ट सांगते पण ऐकताना असं वाटतं की आधी मराठीत सुचली असेल. हेच पाहिजे मला, दुसरं काही नाही मागत. आणि ते नसेल जमत तर फेविकॉलच्या त्या बससारखं करा, माणसं बसच्या आत, टपावर, मागे, बाजूला, सगळीकडे चिकटून, रस्ता खडबडीत, कोणी पडत नाही, आणि कोणी एक वाक्यपण बोलत नाही. आजीला त्यात दुरुस्त करायला काहीच सापडत नाही, ती नुसती बघते आणि म्हणते, "आपली राजवाड्याची बस अशीच असायची".

सगळ्यात चांगली जाहिरात तर आमच्याकडे रोज सकाळी गाणी वाजवत दारात येते, कचरागाडी! 2017 पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं येतंय त्यात त्या गाण्यांचा हात आहे असं मी छातीठोकपणे सांगते. गाणं गल्लीच्या तोंडाशी ऐकू आलं की आई पोहे परतायचं सोडून डबे उचलते, समोरच्या काकू पळतात, भाचा चड्डीवर नाचत गेटपर्यंत जातो. हिंदी आहे, पण आमच्या गल्लीसाठी लिहिलेलं आहे, कुठून उचलून आणून आमच्यावर चिकटवलेलं नाही, म्हणून आमच्या मराठी घरातपण ते पाठ आहे.

तर गेल्या दिवाळीत समोरच्या काकूंनी फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या ठरवल्या आणि जाहिरात लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या मुलाने नेटवरून एक नमुना काढून आणला होता, त्यात "आपल्या प्रियजनांसोबत परंपरेच्या स्वादाचा आनंद घ्या" असं होतं, ते मी तिथेच फाडलं. मी काकूंच्या स्वयंपाकघरात बसले आणि त्या चकली पाडताना जे बोलत होत्या तेच लिहून घेतलं. घरची भाजणी, मोहन बेताचं, काटा उभा, नळी मोकळी. मग चकली खुसखुशीत म्हणायची की कुरकुरीत यावर आजी आणि काकूंचं अर्धा तास चाललं, आजी म्हणाली कुरकुरीत चिवडा, चकली खुसखुशीत, काकू म्हणाल्या माझी चकली वाजते, वाजते म्हणजे कुरकुरीत. शेवटी दोन्ही शब्द ठेवले. आजीच्या आवाजात रेकॉर्ड केलं, पस्तीस सेकंदांचं झालं, कापलं नाही, आणि कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं, मराठीतच, जिथे पाऊण ग्रुप हिंदी आहे.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिसऱ्या गल्लीतल्या सिंधी आंटी काकूंच्या दारात. बाकी सब समझ में आ गया, म्हणे, ये भाजणी क्या होती है? काकूंनी त्यांना आत नेलं, तांदूळ, चणाडाळ, उडीदडाळ, धणे, जिरं, सगळं एकेक दाखवलं, डबा उघडून वास घ्यायला दिला, चहा केला. आंटी दीड तासाने घरी गेल्या आणि संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा मेसेज आला, "भाजणी वाली चकली, दो किलो, मेरी लिख लेना".