झिरो माइलचा पाचवा घोडा

नागपूरच्या झिरो माइलच्या दगडी खांबाजवळ घोडे चार आहेत. फोनवरच्या फीडमध्ये फिरणाऱ्या, एआयने बनवलेल्या झिरो माइलच्या चित्रांत मात्र कधी तीन असतात, कधी पाच, आणि एखाद्याचा पाय शेजारच्याच्या पोटातून निघालेला असतो. खाली लगेच सुरू होतं, 'हे आपलं झिरो माइल आहे का बे?' 'घोडे मोज ना भाऊ आधी!' नागपूरकराला चूक दिसली आणि तो गप्प बसला, असं सहसा होत नाही. आणि त्या चित्राचं पोट नेमकं त्यावरच भरतं.

कारण फीड आवड मोजत नाही, थांबणं मोजतं. अंगठा किती सेकंद थबकला, व्हिडिओ शेवटपर्यंत चालला का, खाली काही लिहिलं का, पुढे कोणाला पाठवलं का. कौतुकाने थांबलात की चिडून, त्याचा फरक फारसा पडत नाही. चार घोड्यांचा खरा फोटो एका सेकंदात वर सरकतो. पाच घोडे मोजायला आठ-दहा सेकंद जातात, वर उपदेशाच्या दोन ओळी. म्हणजे चुकीचं चित्र जास्त दमदार ठरतं, आणि तुम्ही ज्याला खोटं म्हणालात तेच शेजाऱ्याच्या फोनवर पोचतं.

इंग्रजीत या मालाला 'स्लॉप' म्हणतात. डुकरांपुढे ओततात तसलं खरकटं. मेरियम-वेबस्टर कोशाने २०२५ चा शब्द म्हणून तोच निवडला. आपल्याकडे 'भरताड' हा शब्द आधीपासून आहे, आणि तो जास्त नेमका आहे. पूर्वी फीडला तळ होता. इन्स्टाग्रामवर २०१६पर्यंत पोस्टी वेळेच्या क्रमाने लागायच्या. ओळखीच्यांचं पाहून झालं की संपलं. नंतर क्रम यंत्राने लावायचा ठरला. यंत्राला सतत काहीतरी पुढे वाढावं लागतं, आणि मे महिन्याच्या ४५ अंशांत कॅमेरा घेऊन कोण बाहेर पडणार? एक ओळ लिहिली की चित्र तयार.

खाण्याच्या चित्रांत हे लगेच कळतं. 'नागपूरचे तर्री पोहे' म्हणून जे येतं, त्यात पिवळेधमक कोरडे पोहे, वर मटार, बाजूला लिंबाची चकती. तर्रीच नाही. हरभऱ्याचा रस्सा आणि त्यावर तरंगणारं लाल तेल यंत्राने फारसं पाहिलेलंच नसावं. संत्र्याचंही तसंच. चित्रातलं संत्रं घट्ट सालीचं, चकचकीत, चेंडूसारखं गोल. आपल्या संत्र्याची साल सैल असते, नखाने सुटते, आणि रंग चांगला चढलेल्या फळावरही कुठेतरी हिरवट डाग राहतो.

पण चित्रं सुधारत चालली आहेत. पाट्यांवरची मोडकी जोडाक्षरं हल्ली सरळ होऊ लागलीत. चित्रातल्या हातांची बोटं मोजण्याची युक्ती तर जुनीच झाली. कान अजून उपयोगी पडतो. मराठीत च दोन आहेत, चुलीतला आणि चिंचेतला. यंत्राचा आवाज बऱ्याचदा दोन्हीकडे चिंचेतलाच वापरतो. झाडातला झ झेंड्यातल्या झ सारखा म्हणतो. 'काळा'चं 'काला' करतो. वऱ्हाडात ळ चा य होतो, काळ्याचा 'काया' होतो, डोळ्याचा 'डोया', पण ल? छे. मधेच '२३'चं 'तेईस' ऐकू आलं तर पुढचं ऐकायची गरज नाही. व्हिडिओत दृश्य दर सात-आठ सेकंदांनी तुटतं का, हेही पाहावं, कारण बरीच साधनं एका वेळी तेवढाच तुकडा बनवतात.

पावसाळ्यात मात्र हा प्रकार गमतीचा राहत नाही. २३ सप्टेंबर २०२३ला अंबाझरी तलाव ओसंडला आणि खालच्या वस्त्यांत पाणी शिरलं. तेव्हापासून पावसाने जरा जोर धरला की जुने खरे व्हिडिओ नव्या तारखेने येतात, आणि आता त्यांत बनवलेले मिसळतात. 'एआय'ची खूण शोधून इथे भागत नाही. ती खूण फाइलच्या आतल्या नोंदीत असेल तर स्क्रीनशॉट काढला की गळते, व्हॉट्सअॅपवरून फिरली तरी बहुधा गळते. त्यापेक्षा त्या चौकात राहणाऱ्याला फोन लावणं सोपं.

फीडचं निंदण कसं करायचं? रीलवर बोट दाबून धरलं की 'नॉट इंटरेस्टेड' येतं. बहुतेकांचं चुकतं ते इथे: आधी पूर्ण पाहतात, चिडतात, मग दाबतात. तोवर पाहणं मोजून झालेलं असतं. पहिल्या दोन सेकंदांत दाबा. इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये सुचवलेल्या पोस्टी ३० दिवस झोपवता येतात. एकतिसाव्या दिवशी त्या परत उठतात, म्हणून तारीख लिहून ठेवावी. सुचवलेलं सगळं पुसून कोरी पाटीही मिळते, पण घरात फोन एकच आणि संध्याकाळी तो पोरांच्या हाती असेल, तर आठवड्याभरात पाटी पुन्हा भरते. यूट्यूबवर 'डोन्ट रेकमेंड चॅनल' हा उपाय जालीम. शिवाय पाहिलेल्यांच्या यादीतून तो व्हिडिओ काढून टाकावा, नाहीतर त्याची भावंडं येत राहतात. आणि पुढे पाठवू नये, 'बघ किती फालतू आहे' म्हणूनही नाही.

आंबिया बहाराची संत्री बाजारात येऊ लागली की एखादा काटोलचा शेतकरी क्रेटचा फोटो टाकतो. तिरपा, धुळकट, कोपऱ्यात स्वतःचा अंगठा आलेला. त्यावर थोडं थांबा, आणि खाली भाव विचारा. तेही मोजलं जातं.