दोन्ही पक्षांशी जमवून घेणारा उमेदवार खरा कसा ओळखायचा?

पुण्याहून येणाऱ्या फोनवर, इथल्या मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत, नुकत्याच नागरिक झालेल्या जोडप्यांकडून, सगळीकडून मला एकच प्रश्न येतो. "तुमच्या अमेरिकी संसदेचा, म्हणजे काँग्रेसचा, तो उमेदवार म्हणतो, निवडून आलो तर दोन्ही पक्षांना बरोबर घेऊन काम करीन. हे लोक खरंच तसं करतात, की निवडणुकीपुरतं बोलतात?" तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

प्रश्नामागचा संशय मला कळतो. २०२२ आणि २०२३ मध्ये महाराष्ट्रात जे झालं ते बघितल्यावर "माझं सगळ्यांशी जमतं" म्हणणारा पुढारी दिसला, की आपली नजर आधी त्याच्या बॅगेकडे जाते. भरलेली तर नाही ना? पण इथला मामला वेगळा आहे. भारतात १९८५ पासून पक्षांतरबंदी आहे, सभागृहात पक्षादेश मोडला तर खासदारकीवर गदा येऊ शकते. अमेरिकेत असा कायदाच नाही. काँग्रेसच्या खालच्या सभागृहातला, म्हणजे प्रतिनिधीगृहातला, सदस्य आपल्या पक्षाविरुद्ध मत देऊन दुसऱ्या दिवशी त्याच पक्षाच्या बैठकीला जाऊन बसतो. पक्ष त्याला समितीवरून काढेल, पुढच्या प्रायमरीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत) त्याच्यासमोर कुणीतरी उभा करेल, पण त्याची जागा हिरावून घेता येत नाही. म्हणजे मुभा आहे. ती कोण वापरतो आणि किती किंमत मोजून, एवढंच बघायचं.

मी राहते तो भाग, न्यूयॉर्क राज्यातल्या लाँग आयलंडवरची नॅसो काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखी), या बाबतीत चांगली शाळा आहे. इथल्या तिसऱ्या मतदारसंघाचे रिपब्लिकन सदस्य जॉर्ज सँटोस यांची १ डिसेंबर २०२३ रोजी ३११ विरुद्ध ११४ मतांनी सभागृहातून हकालपट्टी झाली, आणि १३ फेब्रुवारी २०२४ ला, भर बर्फात, पोटनिवडणूक झाली. डेमोक्रॅट उमेदवार टॉम स्वॉझी पूर्वी ग्लेन कोव्हचे महापौर, मग काउंटीचे प्रमुख, मग तीन वेळा काँग्रेसमध्ये. समोर रिपब्लिकनांनी उभ्या केलेल्या मॅझी पिलिप यांची मतदार म्हणून नोंद होती डेमोक्रॅटिक पक्षात! (हे मी फोनवर सांगते तेव्हा पलीकडून हमखास हसू ऐकू येतं. आपल्याकडे हे समजावून सांगावं लागत नाही.)

स्वॉझींचा भर दोन गोष्टींवर होता. एक मेक्सिकोची सीमा. मतदानाच्या आदल्याच आठवड्यात सिनेटमध्ये (काँग्रेसच्या वरच्या सभागृहात) रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अपक्ष कर्स्टन सिनेमा या तिघांनी महिनोन् महिने घासून तयार केलेला सीमेचा समझोता कोसळला होता. डेमोक्रॅट उमेदवार साधारणपणे हा विषय टाळतात. स्वॉझींनी तो स्वतःहून पुढे केला, मी या समझोत्याच्या बाजूने आहे आणि तुम्ही नाही, असं पिलिप यांना सुनावलं. हे एका रात्रीत सुचलेलं नव्हतं. २०१९ मध्ये त्यांनी इथलेच रिपब्लिकन पीटर किंग यांच्याबरोबर इमिग्रेशनवर मधला मार्ग सुचवणारा लेख वर्तमानपत्रात लिहिला होता. दुसरी गोष्ट घरपट्टी. राज्याचे आणि स्थानिक कर केंद्राच्या करपात्र उत्पन्नातून वजा करता येतात, पण २०१७ च्या कायद्याने त्यावर १० हजार डॉलरची मर्यादा घातली. नॅसोत अनेकांची नुसती घरपट्टीच त्याच्या वर जाते. त्यामुळे या विषयावर इथे पक्षभेद जवळजवळ नाहीच. रिपब्लिकन शेजारी आणि मी गेली कित्येक वर्षं ज्या एका गोष्टीवर एकमताने चिडतो ती हीच.

स्वॉझी सुमारे आठ टक्क्यांनी जिंकले.

आता पुढचं बघा, कारण भाषणापेक्षा तेच बोलकं आहे. जुलै २०२५ मध्ये ती करवजावटीची मर्यादा ४० हजारांवर गेली. पण गेली ट्रम्प यांच्या मोठ्या करकायद्यातून, न्यूयॉर्कच्या रिपब्लिकन सदस्यांनी आपल्याच नेतृत्वाला अडवून धरल्यामुळे. कायदा २१८ विरुद्ध २१४ ने पास झाला आणि स्वॉझींचं मत विरोधात होतं, इतर सगळ्या डेमोक्रॅटांसारखंच. हवी ती गोष्ट मिळाली, ती नको असलेल्या गाठोड्यात बांधून. मला यात ढोंग दिसत नाही. हजार पानी विधेयकात एक कलम आवडलं म्हणून उरलेलं गिळायचं का, हा प्रश्न खरा आहे. पण "दोन्ही पक्षांना बरोबर घेईन" या वाक्यात तो कधी येत नाही.

उलटंही घडतं. जानेवारी २०२६ मध्ये अंतर्गत सुरक्षा खात्याच्या निधीच्या विधेयकाला मत देणाऱ्या सात डेमोक्रॅटांमध्ये स्वॉझी होते. मिनियापोलिसमध्ये याच खात्याच्या इमिग्रेशन कारवाईत गोळीबार होऊन माणसं मेली, त्यावरून लोक पेटले होते. काही दिवसांतच त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं, की या विधेयकाकडे पाहण्यात आपण कमी पडलो. मधल्या रस्त्याने चालणाऱ्याला दोन्ही बाजूंची वाहनं ठोकरतात, ती अशी.

म्हणून कुणी मला विचारलं की खरा कसा ओळखायचा, तर मी दुसऱ्या पक्षाबरोबर मांडलेल्या विधेयकांची यादी बघत नाही. त्या यादीत पोस्ट ऑफिसांना नावं देण्याचे ठरावही मोजले जातात. मी बघते डिस्चार्ज पिटिशन. समितीत अडकवून ठेवलेलं विधेयक सभापतींच्या मनाविरुद्ध सभागृहात आणायचं असेल तर २१८ सदस्यांच्या सह्या लागतात. विरोधी बाकावरच्याला सही करायला काहीच किंमत मोजावी लागत नाही. सभागृहात बहुमत असलेल्या पक्षाचा सदस्य सही करतो तेव्हा मात्र तो स्वतःच्या सभापतींचं नाक कापत असतो.

२०२४ मध्ये, सभागृहात रिपब्लिकनांचं बहुमत असताना, लुइझियानाचे रिपब्लिकन गॅरेट ग्रेव्ह्ज आणि व्हर्जिनियाच्या डेमोक्रॅट अॅबिगेल स्पॅनबर्गर यांनी हे करून दाखवलं. सरकारी पेन्शन असलेल्या शिक्षक, पोलीस, अग्निशामक जवानांची सोशल सिक्युरिटी (म्हणजे केंद्राचं निवृत्तिवेतन) कापली जायची, ती कपात रद्द करणारं विधेयक वर्षानुवर्षं पडून होतं. सप्टेंबरमध्ये २१८ सह्या झाल्या, नोव्हेंबरमध्ये सभागृहाने ते ३२७ विरुद्ध ७५ ने पास केलं, डिसेंबरमध्ये सिनेटने, आणि ५ जानेवारी २०२५ ला बायडन यांची सही झाली. गंमत अशी, की ग्रेव्ह्ज आणि स्पॅनबर्गर दोघंही त्या वर्षी सभागृहासाठी पुन्हा उभेच नव्हते. आणि दहा वर्षांत सुमारे १९६ अब्ज डॉलर खर्चाच्या या कायद्याने आधीच ओढाताणीत असलेला सोशल सिक्युरिटीचा निधी थोडा आणखी लवकर आटणार आहे. खर्च करायचा असला की दोन्ही पक्षांचं एकमत पटकन होतं, हेही त्यात आलंच.

अशी माणसं मुळात कुठून येतात? २०२४ मध्ये निवडून आलेल्या ४३५ जणांच्या सभागृहात ट्रम्प जिंकले त्या मतदारसंघांतून निवडून आलेले डेमोक्रॅट १३, आणि हॅरिस जिंकल्या तिथून आलेले रिपब्लिकन ३. स्वॉझी पहिल्या गटात. दुसऱ्या गटात पेनसिल्व्हेनियाच्या बक्स काउंटीचे ब्रायन फिट्झपॅट्रिक, ज्यांनी त्याच करकायद्याच्या विरोधात मत दिलं. असं करणारे रिपब्लिकन फक्त दोन होते. या सोळा जणांचा स्वभाव इतरांपेक्षा गोड असेल असं मला वाटत नाही. त्यांचे मतदार मिश्र आहेत, एवढंच. उरलेल्या ४१९ जणांना धास्ती जास्त करून स्वतःच्या प्रायमरीचीच असते.

आणि इथे आपली मराठी मंडळी काय करतात? मतदार नोंदणीच्या फॉर्मवर "कोणताही पक्ष नाही" या चौकोनावर खूण करून मोकळी होतात. कुठल्याच पक्षाचा शिक्का नको, ही आपली जुनी सावध सवय. न्यूयॉर्कच्या प्रायमरीत मात्र फक्त त्या त्या पक्षात नोंद असलेल्यांनाच मत देता येतं, आणि मधल्या रस्त्याच्या उमेदवाराला त्याचा पक्ष नारळ देतो तो तिथेच. नोंद बदलायची तर अर्ज १४ फेब्रुवारीपर्यंत काउंटीच्या निवडणूक मंडळात पोचायला हवा. त्यानंतर आलेला अर्ज जूनची प्रायमरी उरकल्यावरच लागू होतो.