बाभळीचा काटा

मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो, त्यात लाइट गेली की आमच्या पॅथॉलॉजी लॅबमधले, गाठींचे तुकडे बसवलेले मेणाचे ब्लॉक नरम पडतात. ४ मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ काप पट्टीसारखा सरळ निघत नाही, चुरगळतो. आमचा टेक्निशियन कोपऱ्यावरच्या रसवंतीतून बर्फ आणतो, त्यावर ब्लॉक उपडा ठेवतो आणि मगच काप घेणाऱ्या यंत्राचं, मायक्रोटोमचं, चाक फिरवतो. त्याच्या हाताला तोड नाही.

त्या दिवशीची स्लाइड अशीच कापलेली. उजव्या तळहातावरची गाठ, वय २४. फॉर्मवर सर्जननी एवढंच लिहिलेलं : 'हाताला सूज'. कधीपासून, आधी काय औषध झालं, काही नाही. इतकी वर्षं सांगतेय, फॉर्म तसाच येतो.

मायक्रोस्कोपच्या लो पॉवरला ग्रॅन्युलोमाच दिसला, म्हणजे जुनाट दाहात जमणारा पेशींचा पुंजका. मधे मेलेला भाग, भोवती गुलाबी पेशींचं कडं. यवतमाळ जिल्ह्यात हे दिसलं की पहिला विचार टीबीचा येतो. पण ४० च्या लेन्सवर गेले आणि थांबले. टीबीत या पेशींच्या कडा एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात, केंद्रक लांबट, चपलेच्या तळासारखं. इथे पेशी भरदार, कडा स्पष्ट, केंद्रकं मोठी, आत न्यूक्लिओलसचा ठळक ठिपका. विभाजन होत असलेल्या पेशीही सापडल्या. टीबीत दिसणारी अनेक केंद्रकांची मोठी पेशी, लँगहान्स जायंट सेल, शोधशोध शोधली, एकही नाही.

पोरगा आईसोबत बाहेर बाकावर बसला होता. त्याला आत बोलावलं.

"डवरणीच्या टायमाले बाभयीचा काटा रुतला होता जी मॅडम. मंग गाठ आली. टीबीच्या गोळ्या सहा महिने खाल्ल्या, एक बी चुकवली नाही."

आईनं पिशवीतून जुना रिपोर्ट काढला. आठ महिन्यांपूर्वीचा. 'झेडएन स्टेनमध्ये जंतू नाहीत, तरी क्षयरोगाची शक्यता.' खाली माझी सही.

झेडएन हा टीबीचे जंतू रंगवून दाखवणारा स्टेन; ऊतकात ते न दिसणं नेहमीचंच, म्हणून तेव्हा मी पुढे गेले होते. जुना ब्लॉक काढून पुन्हा कापला. त्यातही याच पेशी होत्या, थोड्या होत्या, पण होत्या. दोन्ही ब्लॉक नागपूरला पाठवले. सायटोकेराटिन पॉझिटिव्ह; हे प्रथिन टीबीच्या ग्रॅन्युलोमातल्या पेशींत नसतं. आयएनआय-१ हे प्रथिन निरोगी पेशींच्या केंद्रकात असतंच; त्याचा तपकिरी रंग शेजारच्या लिम्फोसाइटच्या केंद्रकांत छान उतरलेला आणि या पेशींची केंद्रकं कोरी. एपिथेलिऑइड सार्कोमा, मऊ ऊतकांचा एक कॅन्सर. पॅथॉलॉजिस्ट एन्झिंगर यांनी १९७० साली हा सार्कोमा मांडला, तो ग्रॅन्युलोमाचं सोंग घेतो हे सांगूनच. एमडीला हे मी पाठ केलं होतं.

सार्कोमा सहसा लिम्फ नोडकडे, म्हणजे काख-मानेतल्या लसिकाग्रंथींकडे, जात नाही, हा जातो. त्याच्या काखेत बोटांना बोराएवढी गाठ लागली. सुईनं नमुना घेतला : त्याच पेशी. आठ महिन्यांपूर्वी ही गाठ तिथे होती का? पहिल्या फॉर्मवर काखेबद्दल शब्द नाही. मीही सर्जनना फोन केला नव्हता, पोराला बोलावून पाहिलं नव्हतं.

पहिला रिपोर्ट माझाच होता आणि तो चुकला, हे मी दोघांना समोर बसवून सांगितलं. पोरगा गप्प राहिला. आई म्हणाली, "मंग त्या गोळ्या यानं कायले खाल्ल्या जी?"

तो आता नागपूरला ऑपरेशनसाठी भरती आहे. मी गेल्या तीन वर्षांतले हातापायांच्या ग्रॅन्युलोमाचे ब्लॉक काढून रोज रात्री पुन्हा पाहतेय. एक पेटी झाली. दोन बाकी आहेत.